तातडीने मदत हवी: लिनक्स कर्नलचे अ‍ॅड्रेस लीक होतायत असा ऑडिटचा शेरा, बंद कसे करायचे?

चिंचेखाली – रात्री ८:१०
मंडळी अर्जंट आहे. आमच्या बॉक्सचं सिक्युरिटी ऑडिट झालं आणि रिपोर्टात "कर्नल अ‍ॅड्रेस डिस्क्लोजर, सिव्हिरिटी हाय" असा लाल शेरा आलाय, पुरावा म्हणून डीमेसेजच्या (कर्नलच्या लॉगच्या) चार ओळी चिकटवल्यात, बाकी काही नाही. कर्नल सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात लीकिंग_अ‍ॅड्रेसेस नावाची पर्लची स्क्रिप्ट असते ती चालवली तर धो धो ओळी आल्या, स्क्रोल करून बोट दुखलं. यातलं खरं लीक कुठलं आणि उगाचचं कुठलं हे ओळखायचं कसं? शुक्रवारी क्लायंटला उत्तर द्यायचंय. मोबाइलवरून लिहितोय, कमांड आणि पाथ सगळं देवनागरीतच टाइप केलंय, समजून घ्या. आणि गुगल कर सांगू नका, करून झालंय.

जुना_खोंड – रात्री ८:१९
कर्नल व्हर्जन? आर्किटेक्चर? स्क्रिप्ट सुडो लावून चालवलीस का? त्या चार ओळी कुठल्या? बूटची कमांड लाइन काय आहे? कुंडली तरी पाठव, त्यावरून सांगतो.

निशिगंध – रात्री ८:२४
सेम प्रॉब्लेम आम्हाला आला होता. सर्व्हर दोन-तीन दिवस चालला की मेमरी भरत जायची आणि मग ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा) कामाला लागायचा. केमेमलीक ऑन करून कर्नल परत बिल्ड करा, डीबगएफएसमध्ये केमेमलीकच्या फाइलला "स्कॅन" लिहा आणि वाचा, कोणी अ‍ॅलोकेट करून सोडून दिलंय ते स्टॅकसकट दिसतं. युजरस्पेस असेल तर व्हॅलग्राइंड. आमचा ड्रायव्हरच दोषी निघाला.

बावधनी – रात्री ८:३१
ताई, तुम्ही म्हणताय ती मेमरी लीक. इथे मेमरीचा *पत्ता* लीक होतोय, म्हणजे कर्नल कुठे बसलाय ते बाहेरच्याला कळतंय. बरं केमेमलीक "अनरेफरन्स्ड ऑब्जेक्ट" म्हणून त्यापुढे कच्चा पत्ताच छापतो, तेव्हा हा उपाय केला तर ऑडिटरला आणखी एक पान मिळेल :)

निशिगंध – रात्री ८:३३
बरं. पण केमेमलीक चांगलं टूल आहे एवढंच म्हणायचं होतं.

चिंचेखाली – रात्री ८:४०
एक्स८६, ६४ बिट, कर्नल ५.१५. सुडो लावूनच चालवली, नाहीतर निम्म्या फाइलींना परमिशन डिनाइड येतं ना. सगळ्यात जास्त ओळी कॉलसिम्सच्या (कर्नलमधली नावं आणि त्यांचे पत्ते असलेली फाइल) आहेत, हजारोंनी. आमचा स्वतःचा एक ड्रायव्हर आहे, आउट ऑफ ट्री, म्हणजे कर्नलच्या सोर्सबाहेरचा.

जुना_खोंड – रात्री ८:५२
तिथेच गडबड आहे. परमिशन डिनाइड येतं तेच तर हवंय. प्रश्न काय आहे, की साध्या युजरला, ज्याच्याकडे काही अधिकार नाहीत त्याला, कर्नलचा पत्ता दिसतो का. रूटला कॉलसिम्समध्ये खरे पत्ते दिसणारच, साध्या युजरने तीच फाइल उघडली तर प्रत्येक नावापुढे सोळा शून्यं येतात. नवा युजर बनव, कुठल्याही ग्रुपमध्ये घालू नकोस, त्या युजरने चालव. जे उरेल तेवढंच इथे टाक. स्क्रिप्ट फार हुशार नाहीये हे पण लक्षात ठेव, ती डीमेसेज, प्रॉक आणि सिस मधला मजकूर वाचते आणि चार एफ ने सुरू होणारा सोळा अंकी हेक्स दिसला की बोंब मारते. अर्थ लावायचं काम आपलं.

रामबाण – रात्री ८:५५
एवढं कशाला. सिसकंट्रोलमध्ये केपीटीआर_रिस्ट्रिक्ट २ करा, डीमेसेज_रिस्ट्रिक्ट १ करा, रिबूट मारा, ऑडिटरला स्क्रीनशॉट पाठवा. विषय संपला. आम्ही दर प्रॉडक्टला हेच करतो.

बावधनी – रात्री ९:०३
रामबाण भाऊ, केपीटीआर_रिस्ट्रिक्ट फक्त तिथेच लागू होतो जिथे कोड लिहिणाऱ्याने %पीके (पत्ता लपवता येणारा छापायचा फॉरमॅट) वापरलंय, वर कॉलसिम्ससारख्या मोजक्या जागा. एखाद्याने पॉइंटर अनसाइन्ड लाँगमध्ये कास्ट करून %एलएक्स ने छापला तर त्या सेटिंगला पत्ताच नसतो (श्लेष सहज झाला). आणि डीमेसेज_रिस्ट्रिक्टने कमांड बंद होते, पण तोच मजकूर जर्नलमध्ये जातो, लॉगच्या फाइलीत जातो, कस्टमर सपोर्टला जी झिप पाठवतो त्यात जातो. दोन्ही सेटिंग करावीतच, पण ते पांघरूण झालं.

रामबाण – रात्री ९:०६
ऑडिट पास होतं की नाही? झालं मग.

फ्रीबीएसडी_प्रेमी – रात्री ९:१०
मुळात केएएसएलआर (दर बूटला कर्नल वेगळ्या जागी बसवणं) हाच दिखावा आहे. एक्स८६ वर कर्नलची इमेज १ जीबीच्या पट्ट्यात २ एमबीच्या घरांवर बसते, म्हणजे फार तर ५१२ जागा, ९ बिटं. प्रीफेचला किती वेळ लागतो ते मोजून साधा प्रोग्रॅम ती जागा शोधतो हे २०१६ मध्येच दाखवून झालंय. नंतर मेल्टडाउन या सीपीयूच्या दोषासाठी केपीटीआय (कर्नल आणि युजरची पेज टेबलं वेगळी ठेवणं) आणलं, तर इंटेलवर ते चालू असतानाही एंट्रीब्लीड हा हल्ला आला, सीव्हीई-२०२२-४५४३. लीक शोधत बसण्यात अर्थ नाही.

जुना_खोंड – रात्री ९:१८
कुलूप तोडता येतं म्हणून दार सताड उघडं टाकून गावाला जातोस का? ५१२ च जागा आहेत म्हणूनच तर लीक जास्त महाग पडतं, कर्नलच्या टेक्स्टमधला *एक* पत्ता मिळाला की सगळी फंक्शन्स कुठे आहेत ते वजाबाकी करून कळतं. बाकी चर्चा वेगळ्या धाग्यावर कर, या पोराला शुक्रवार गाठायचाय.

गंजलेला_लोखंडी – रात्री ९:२०
ड्रायव्हर रस्टमध्ये लिहा. हे प्रकारच बंद होतील.

बावधनी – रात्री ९:२२
कर्नलमध्ये रस्ट आलं ६.१ ला, त्याचं ५.१५ आहे. आणि पॉइंटर आकड्यात कास्ट करून छापायला रस्टही अडवत नाही.

चिंचेखाली – रात्री ९:४८
साधा युजर करून चालवली. यादी एकदम छोटी झाली!! तीन प्रकारच्या ओळी उरल्यात.
पहिली, प्रॉकच्या बस/इनपुट/डिव्हायसेस मध्ये, "बी: की=" असं आहे आणि पुढे आकड्यांचे गठ्ठे, शेवटचा गठ्ठा पंधरा एफ आणि एक ई.
दुसऱ्या डीमेसेजमध्ये आमच्या ड्रायव्हरच्या, "कॉन्टेक्स्ट अ‍ॅट" आणि पुढे एफएफएफएफ९सी वगैरे. ऑडिटरच्या चार ओळी याच.
तिसरी प्रॉकमध्ये आमच्याच ड्रायव्हरची स्टेटस फाइल, तिथे पण एफएफएफएफ९सी ने सुरू होणारा आकडा.
ड्रायव्हरमध्ये %पीएक्स (खरा पत्ता छापणारा फॉरमॅट) कुठेच नाही, ग्रेप करून बघितलं, डीमेसेजच्या ओळीत साधं %पी आहे. मग पत्ता येतो कसा?

जुना_खोंड – रात्री १०:०५
पहिली सोडून दे. तो पत्ता नाही, तुझ्या कीबोर्डचा नकाशा आहे, एकेक बिट म्हणजे एकेक बटण. शेवटच्या गठ्ठ्यात बहुतेक सगळी बटणं असतात म्हणून एफ एफ एफ, आणि शून्य नंबरचं बटण राखीव असतं म्हणून शेवटी ई. जुनी स्क्रिप्ट यावर फसते, २०२४ मध्ये तिला इनपुटच्या या ओळी वगळायला शिकवलंय. स्क्रिप्ट नव्या कर्नलच्या झाडातून उचल, ती एकटी चालते, तुझं कर्नल ५.१५ असलं तरी काही अडत नाही.
दुसरीबद्दल मात्र मला शंका आहे. ४.१५ पासून, म्हणजे टोबिन हार्डिंगने ते काम केलं तेव्हापासून, साधं %पी खरा पत्ता छापतच नाही, सिपहॅश लावून हॅश (पत्त्यापासून बनवलेला भलताच आकडा) छापतं. ६४ बिटवर त्याची पुढची आठ घरं शून्य असतात, मागे आठ आकडी काहीतरी. बूटच्या अगदी सुरुवातीला, रँडम तयार व्हायच्या आधी, नुसतं पीटीआर-व्हॅल असं कंसात येतं. तुझ्याकडे शून्यं नाहीत म्हणजे हॅशिंग बंद आहे. कोणीतरी बंद केलंय. बूटची कमांड लाइन मी पहिल्याच प्रतिसादात मागितली होती.

चिंचेखाली – रात्री १०:११
ते बघितलं, त्यात नो_हॅश_पॉइंटर्स नाहीये. रूट=, क्वाएट, कन्सोल=, स्लब_डीबग=एफझेड आणि पॅनिक=५. बस.

जुना_खोंड – रात्री १०:१४
स्लब_डीबग प्रॉडक्शनमध्ये?

चिंचेखाली – रात्री १०:१६
आधीच्या टीमने मेमरी करप्शन पकडायला टाकलं होतं, मग कोणी काढलं नाही. त्याचा काय संबंध?

जुना_खोंड – रात्री १०:२७
तोच तर संबंध. ५.१२ मध्ये नो_हॅश_पॉइंटर्स हा बूट पर्याय आला, आणि ५.१४ पासून स्लब_डीबग चालू असेल तर कर्नल स्वतःहून नो_हॅश_पॉइंटर्स चालू करतं, कारण डीबग करणाऱ्याला स्लबच्या रिपोर्टात खरे पत्ते हवे असतात. बूट लॉगच्या सुरुवातीला ताऱ्यांची भली मोठी चौकट येते, "नोटीस नोटीस नोटीस" आणि हे मशीन हॅश न केलेले पत्ते दाखवतंय असं. तुझ्याकडे क्वाएट आहे म्हणून स्क्रीनवर दिसली नाही आणि डीमेसेजचा बफर फिरून गेला असणार. जर्नलमध्ये बूटपासूनचं बघ.

हडपसरकर – रात्री १०:३५
काका असं काही होत नाही. मी रोज स्लब_डीबग लावून काम करतो, डीमेसेजमध्ये हॅशच येतात. उगाच पोराला घाबरवू नका.

बावधनी – रात्री १०:३७
कुठलं कर्नल?

हडपसरकर – रात्री १०:४१
५.१०

बावधनी – रात्री १०:४२
:)

हडपसरकर – रात्री १०:४६
बरं बरं. पण डीबगचा पर्याय चालू केला की सिक्युरिटीचा पर्याय गुपचूप बंद, हे कुणाच्या डोक्यातून आलं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत राव.

जुना_खोंड – रात्री १०:५०
गुपचूप नाही, अर्धा स्क्रीन भरेल एवढी चौकट छापतात. पण तुझा मुद्दा अगदीच चूक नाही.

वऱ्हाडी_बाइट – रात्री ११:०२
भाऊ, सगळे डीमेसेजच्या मागे लागले, काहून? खरे लीक या स्क्रिप्टला दिसतच नाहीत. तुमच्या ड्रायव्हरला आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरशी बोलायचा कॉल) असेलच. त्यात असं एखादं स्ट्रक्ट असते का पाहा, पहिले एक बाइटचा फ्लॅग, मंग आठ बाइटचा काउंटर. कंपायलर मधात सात बाइटची खिंड ठेवते. तुम्ही स्टॅकवर ते स्ट्रक्ट घेता, दोन्ही फील्ड भरता, अन् कॉपी_टू_युजरने पूर्ण सोळा बाइट पाठवता. खिंडीतले सात बाइट स्टॅकवर आधी जे पडलं होतं तेच. तिथे आधी एखादा रिटर्न अ‍ॅड्रेस पडला असला तर त्याचा फक्त सगळ्यात खालचा बाइट फ्लॅगने पुसला जाते, वरचे सातही बाहेर. अन् केएएसएलआर २ एमबीच्या पटीत सरकवते म्हणजे खालची २१ बिटं तशीही हलत नाहीत, तो पुसलेला बाइट कोणाला पाहिजेच नाही! पाहोल नावाचं टूल आहे, मॉड्यूलवर चालवा, कुठल्या स्ट्रक्टमध्ये किती खिंडी ते छापून देते.

गंजलेला_लोखंडी – रात्री ११:०८
त्यासाठी बरोबर महिरपी कंसात शून्य लिहायचं की झालं, सगळं स्ट्रक्ट शून्य होतं.

वऱ्हाडी_बाइट – रात्री ११:१३
फील्ड शून्य होतात, खिंड शून्य होईलच याची हमी सी च्या त्या नियमात नाही. मेमसेट करा नाहीतर खिंडीच्या जागी स्वतःचं रिझर्व्ह्ड फील्ड टाका. कर्नल बिल्ड करणं हातात असलं तर इनिट_स्टॅक_ऑल_झीरो पण लावा, क्लँग किंवा जीसीसी १२ पाहिजे. शोधायचंच असलं तर केएमसॅन, ते ६.१ मध्ये आलं, एक्स८६ वर अन् क्लँगनेच चालते, कॉपी_टू_युजरमध्ये न भरलेला बाइट गेला की लगेच ओरडते. केसॅन याला उपयोगाचं नाही, त्याचं काम वेगळं.

बावधनी – रात्री ११:२०
आणखी एक. स्क्रिप्ट मजकूरच वाचते, बायनरी फाइलमधला पत्ता तिला कळायचा नाही. सिस/कर्नल/नोट्स ही फाइल कोणीही वाचू शकतो, आणि झेन हायपरवायझरसाठीच्या नोंदीमुळे केएएसएलआरने सरकवलेला पत्ता त्यातून कितीतरी वर्षं बाहेर जात होता, २०२४ मध्ये लक्षात आलं, सीव्हीई-२०२४-२६८१६. त्यानंतरच स्क्रिप्टला कॉलसिम्स हा पर्याय दिला, रूटने कॉलसिम्सची कॉपी काढून द्यायची आणि मग ती बायनरी फाइलीतही ते पत्ते शोधते. नोट्सची दुरुस्ती स्टेबल शाखांमध्ये पण गेलीय. धागाकर्ते, तुमचं ५.१५ म्हणजे ५.१५ पॉइंट किती?

मुलुंडची_मैना – रात्री ११:२२
वाचनखूण साठवली. अवांतर: एम्बेडेडमध्ये फ्रेशरला पुण्यात किती देतात सध्या? भावासाठी विचारतेय.

चिंचेखाली – रात्री ११:४४
स्लब_डीबग काढून रिबूट केलं. डीमेसेजच्या ओळीत आता आठ शून्यं आणि पुढे भलताच आकडा. जर्नलमध्ये आधीच्या बूटची ती ताऱ्यांची चौकट पण सापडली. काका ग्रेट!! ऑडिटरचा मुद्दा बंद. स्टेटस फाइलमध्ये मात्र अजून एफएफएफएफ९सी येतंय पण ते ठीक आहे, तो आमचा सेशन हँडल आहे, डिझाइनच तसं आहे.

रामबाण – रात्री ११:४६
अभिनंदन. पुलेशु.

जुना_खोंड – रात्री ११:४९
थांब. हँडल म्हणजे?

चिंचेखाली – रात्री ११:५५
ओपनला ड्रायव्हर केझॅलॉकने सेशनचं स्ट्रक्ट बनवतो आणि त्याचा पॉइंटर यू६४ करून आयऑक्टलमधून अ‍ॅपला देतो. पुढच्या प्रत्येक आयऑक्टलला अ‍ॅप तोच आकडा परत पाठवतं, ड्रायव्हर कास्ट करून वापरतो. स्टेटस फाइलमध्ये %एलएलएक्स ने छापतो, कुठलं सेशन अडकलंय ते सपोर्टवाल्यांना कळावं म्हणून. वर्षानुवर्षं चालतंय, कधी क्रॅश नाही.

वऱ्हाडी_बाइट – रात्री ११:५७
अरे देवा

बावधनी – रात्री ११:५८
परत *घेता*???

हडपसरकर – मध्यरात्र १२:०१
झोप उडवलीत राव.

जुना_खोंड – मध्यरात्र १२:१०
हे बघ, पत्ता दिसतो हा आता दुय्यम मुद्दा. अ‍ॅपने दिलेला आकडा तू कर्नलमध्ये पॉइंटर म्हणून वापरतोस, म्हणजे डिव्हाइस फाइल उघडता येणारा कोणीही हवा तो आकडा देऊ शकतो, आणि तुझा ड्रायव्हर त्या जागी सेशनचं स्ट्रक्ट आहे असं समजून वाचतो-लिहितो. त्या स्ट्रक्टमध्ये एखादा फंक्शन पॉइंटर असला तर सगळंच संपलं. केपीटीआर_रिस्ट्रिक्ट, हॅशिंग, काहीही याला अडवणार नाही. ऑडिटरने हे पाहिलं नाही हे तुझं नशीब, पण दुसरा पाहील. डिव्हाइस फाइलची परमिशन काय आहे?

चिंचेखाली – मध्यरात्र १२:१३
०६६६, म्हणजे कोणीही वाचू-लिहू शकतो. अ‍ॅप रूट नसतं म्हणून.

फ्रीबीएसडी_प्रेमी – मध्यरात्र १२:१५
मी म्हटलं होतं केएएसएलआरने काही होत नाही.

बावधनी – मध्यरात्र १२:१६
तू काहीतरी वेगळंच म्हटलं होतंस.

रामबाण – मध्यरात्र १२:१८
आकडा एक्सऑर करून द्या ना, एखादी गुप्त की वापरून. दोन ओळींचं काम आहे, दिसणारही नाही.

जुना_खोंड – मध्यरात्र १२:२६
नको रे. एक पत्ता माहीत असला की की निघते, आणि परत येणारा आकडा खरा आहे का हे तरीही तपासलं जात नाहीच. सरळ आयडीआर (छोट्या आकड्याला पॉइंटर जोडून ठेवणारं कर्नलमधलं टेबल) घे. ओपनमध्ये प्रत्येक फाइलचा स्वतःचा आयडीआर ठेव, प्रायव्हेट_डेटामध्ये, म्हणजे एका प्रोसेसचा हँडल दुसऱ्याला चालणार नाही. सेशन बनलं की आयडीआर_अ‍ॅलॉक, येणारा छोटा आकडा अ‍ॅपला दे. परत आला की आयडीआर_फाइंड, नाही सापडला तर आयनव्हॅल एरर. फाइंड आणि वापर यांच्यामध्ये दुसऱ्या थ्रेडने सेशन बंद केलं तर पॉइंटर लटकेल, म्हणून लॉक धरून रेफकाउंट वाढव आणि मग लॉक सोड. हा भाग लोक विसरतात. एका ओपनला एकच सेशन असेल तर हँडलची भानगडच नको, सेशन प्रायव्हेट_डेटात ठेव आणि विषय मिटव.

वऱ्हाडी_बाइट – मध्यरात्र १२:३१
अन् ०६६६ काढा, ग्रुप बनवा, यूडेव्हच्या रूलने ०६६० करा. आयऑक्टलची बाकी स्ट्रक्टं पाहोलमधून काढाच.

चिंचेखाली – मध्यरात्र १२:४०
एका ओपनला अनेक सेशन आहेत, म्हणजे आयडीआरच. पण अ‍ॅप दुसरी टीम बघते, ते आता बदलणार नाहीत. अ‍ॅपला ६४ बिट हँडलच लागतो.

जुना_खोंड – मध्यरात्र १२:४४
यू६४ मध्येच घालून दे, वरचा भाग शून्य. अ‍ॅप त्या आकड्याचं काही गणित करत नसेल तर त्याला कळणारही नाही. ० ला ते एरर समजतात का?

चिंचेखाली – मध्यरात्र १२:४७
हो, ० म्हणजे फेल.

जुना_खोंड – मध्यरात्र १२:४९
मग आयडीआर_अ‍ॅलॉकची सुरुवात १ पासून कर. आणि ५.१५ पॉइंट किती ते बावधनीने विचारलंय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.